डॉक्टरअप्पांच्या शपथा

नळदुर्गात बसस्टँडच्या मागं डॉक्टरअप्पांचा दवाखाना होता, अजूनही आहे. एमबीबीएस झाल्यावर पुढच्या परीक्षेचा अभ्यास करता करता मी तिथं काम करायला लागले आणि जायचं जायचं म्हणत दोन वर्षं राहिले. अप्पा हे त्यांचं नाव नव्हे. इकडं लिंगायत घरातल्या कर्त्या माणसाला अप्पा म्हणतात, त्याला कुणीतरी डॉक्टर जोडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

अप्पांना बसलेलं फार थोड्या लोकांनी पाहिलं असेल. दवाखान्यात डॉक्टरची म्हणून एक गुबगुबीत खुर्ची होती, तिच्यावर पेशंट बसायचा. "कुंद्री, कुंद्री," म्हणत अप्पा कानडी माणसाला बसवायचे, मराठी माणसालाही तेच म्हणायचे, आणि स्वतः टेबलाभोवती फिरत राहायचे. नाडी बघायची तेवढ्यापुरते थांबत. खोकला कधीपासून आहे असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत दारापर्यंत जाऊन बाहेर बाकावर कोण कोण आलंय ते बघून यायचं. परत आले की म्हणायचे, "पुढं?" त्यांचा सगळ्यात आवडता शब्द. पेशंटनं सुरुवातच केलेली नसायची आणि यांना पुढचं हवं असायचं. जेवणही उभ्यानं. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसून सांगायच्या, "लग्नात अक्षता पडायच्या आत हे उठून पंगतीची तयारी बघून आले होते. लग्न लावणारे स्वामी म्हणाले, नवरा कुठं गेला?"

पण हाताला गुण होता. तुळजापूर सोडून लोक यांच्याकडं यायचे. इटकळ, अणदूर, जळकोट, थेट कर्नाटकातल्या आळंदच्या बाजूचेही. ट्रकवाले गाडी हायवेला लावून चालत येत. अप्पांची आणखी एक ख्याती होती, ती शपथेची.

टेबलाच्या खणात, थर्मामीटरच्या शेजारी, खंडोबाच्या भंडाऱ्याची एक पितळी डबी होती. बाजाराच्या दिवशी बाया दारू पिणाऱ्या नवऱ्यांना धरून आणायच्या. अप्पा आधी त्या माणसाचा कान पकडायचे. वयानं मोठा असला तरी पकडायचे. मग चार माणसांत त्याला उभं-आडवं घ्यायचे, बायको रडायला लागली की तिच्याकडं बोट दाखवून विचारायचे, "हिच्याकडं बघ. बघतो का?" शेवटी डबी उघडायची, भंडारा कपाळाला लावायचा, आणि म्हणायला लावायचं, "खंडोबाची आण, आजपासून शिवणार न्हाय." बाई पाया पडून जायची. नवरा खाली मान घालून जायचा. मला पहिल्यांदा हे बघून कसंतरी झालं, पण लोकांना पटत होतं, आणि मी नवी होते.

"किती जणांची सुटते हो अशानं?" मी एकदा विचारलं.

"ज्याच्यात माणुसकी आहे त्याची सुटते," अप्पा म्हणाले. "बाकीचे पुन्हा तोंड दाखवत न्हाईत. पुढं?"

बसू पंक्चरवाला त्यातलाच एक. हायवेच्या कडेला त्याचं दुकान होतं. ट्रकचं चाक एकटा उतरवायचा, अंगानं असा दणकट, पण सकाळी हात थरथरायचे. आधी थोडी घ्यायची, हात स्थिर झाले की पाना धरायचा, असं चाललेलं. त्याची बायको महादेवी शाळेत खिचडी शिजवायची. ती त्याला घेऊन आली तेव्हा त्यानं काही आढेवेढे घेतले नाहीत. कान पकडायच्या आधीच म्हणाला, "अप्पा, मला सोडायचीच हाय. द्या भंडारा."

अप्पा त्या दिवशी खूष होते. असा पेशंट रोज येत नाही म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बसूला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. तो झाडूनं त्या झटकत होता आणि भिंत कोरी होती. घाम फुटला, मुलांना ओळखेना, आणि दुपारी चाक उतरवता उतरवता तो आडवा पडला. फिट आली, ती थांबेना. शेजारच्या धाब्यावरच्या लोकांनी त्याला जीपमध्ये घातलं आणि सरळ सोलापूरला नेलं. अप्पांना कळलं तेव्हा जीप केव्हाच पुढं गेली होती.

बसू वाचला. जीभ चावली गेली होती, खांदा निखळला होता, चार दिवस कुणाला ओळखत नव्हता. महादेवी त्याला घरी आणल्यानंतर दवाखान्यात आली. ओरडली नाही, रडली नाही. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हती.

"अप्पा, एक इचारू का?" ती म्हणाली. "सोलापूरचे डाक्टर म्हणले, एकदम सोडली म्हणून असं झालं. मग त्येंनी शपथ पाळली म्हणूनच पडले न्हवं? मोडली असती तर पडले नसते."

महादेवी आली तशी निघून गेली. बाहेर अजून माणसं होती, पण अप्पांनी मला ती बघायला सांगितली आणि जिन्यानं गच्चीवर गेले. वर त्यांच्या फेऱ्यांचा आवाज संध्याकाळपर्यंत येत होता.

हे पुस्तकात असतं. रोज पिणाऱ्या माणसानं एकदम बंद केली तर जिवावर बेततं, हे मी शिकले होते आणि अप्पाही चाळीस वर्षांपूर्वी शिकले होते. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "पोरी, मी आजवर काय समजत होतो, ज्यांनी मोडली ते नालायक. अगं, त्यातले किती जण मोडली म्हणून जिवंत राहिले असतील." मी म्हटलं, सगळ्यांना असं होत नाही अप्पा. ते म्हणाले, "कुणाला झालं ते मला कुठं माहीत आहे? परत कोण आलं?"

भंडाऱ्याची डबी ते घरी देवघरात ठेवून आले. पण नुसती डबी हलवून काय होणार. बाया यायच्याच. नवऱ्याला पुढं ढकलून उभ्या राहायच्या आणि अप्पा त्या माणसाकडं बघत टेबलाभोवती फिरायचे. काय करायचं ते कळत नव्हतं. मला झोप लागेना, इतकी त्यांची ती तगमग होती.

मीच त्यांना सांगितलं. पुण्यातल्या एका इस्पितळातल्या व्यसनांच्या डॉक्टर गावोगावच्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा मोबाइलवर शिकवत होत्या. दुपारी सगळ्यांनी जोडून घ्यायचं, एकेकानं आपला पेशंट मांडायचा, मॅडम सांगणार काय करा. मधे अडलं तर फोन करायचीही मुभा. अप्पा म्हणाले, "या वयात वर्गात बसू?" मी म्हटलं, बसू नका, उभे राहा. ते त्यांना पटलं.

खाली रेंज यायची नाही म्हणून गच्चीवर जायचं. पाण्याच्या टाकीपाशी चांगली रेंज होती, पण अप्पा टाकीपाशी थांबतील तर ना. ते फोन समोर धरून गच्चीभर चालत. पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत निरनिराळ्या गावांतली पोरंसोरं डॉक्टर, आणि एका चौकोनात आमचे अप्पा, मागं कधी किल्ल्याचा बुरूज, कधी वाळत घातलेलं लुगडं, कधी नुसतं आभाळ. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही थोडा वेळ एका जागी उभे राहाल का? आम्हाला गरगरतंय."

"रेंज जाते मॅडम," अप्पा म्हणाले.

"चालताना जात नाही?"

अप्पा टाकीपाशी गेले, आणि बोलता बोलता परत चालायला लागले.

मॅडम त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान असतील. आवाज शांत. अप्पा त्यांच्याशी भांडत. "तुमचा पेशंट रिक्षानं येतो मॅडम, माझा दोन एसट्या बदलून येतो. रोज या म्हटलं तर कसा येणार?" मॅडम रागावत नसत. विचार करून म्हणत, "बरोबर आहे. मग त्याच्या घरातलं कोण गोळ्या सांभाळेल? त्यांच्याशी फोनवर बोलता येईल?" पिणाऱ्या माणसाला ग्लुकोजचं सलाइन लावायच्या आधी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्यायला हवं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा अप्पांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की आपण इतकी वर्षं नुसतंच सलाइन लावत आलो. बाकीचे चौकोन गप्प झाले. मला वाटतं त्यातल्या बऱ्याच जणांनी तेच केलं होतं, म्हणायला कुणी तयार नव्हतं.

सगळ्यात अवघड त्यांना गेलं ते विचारणं. मॅडम म्हणाल्या होत्या, किती घेता हे असं विचारा की माणसाला खरं सांगावंसं वाटेल. आणि मग थांबा, त्याला बोलू द्या. अप्पा माझ्यावर सराव करायचे. समोर उभे राहून, भुवया आवळून, "तुम्ही दिवसाकाठी साधारण किती घेता?" म्हणायचे. फौजदारानं चौकीत विचारावं तसं. मला हसू फुटायचं. "अप्पा, चेहरा बदला." मग ते चेहरा बदलायचे, तो आणखी भयंकर व्हायचा. आणि थांबणं तर त्यांना जमतच नव्हतं. "पुढं?" ओठांवर यायचं, ते गिळताना त्यांच्या गळ्याची हालचाल मला दिसायची.

दरम्यान बसू पुन्हा प्यायला लागला होता. खांदा धरलेला, दुकान अर्धंमुर्धं चालणारं. महादेवी दवाखान्याकडं फिरकत नव्हती. अप्पांनी त्याचीच केस मॅडमपुढं मांडली, शपथेसकट. काहीही लपवलं नाही. मॅडमनी विचारलं, "याला आधी फिट आलेली आहे ना? मग पुढच्या वेळी आणखी धोका. याची घरी सोडवू नका. भरती करूनच."

अप्पा दुकानावर जाऊन आले. बसूनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सोलापूरला जाणार न्हाय अप्पा. तिथं मला खाटंला बांधलं हुतं. दोन्ही हात. पाणी मागितलं तर कुणी यीना. मेलो तरी जाणार न्हाय. पण इथंच सोडतो आता, परवापासनं. पोरगी म्हणली सोडा म्हणून."

अप्पा धावतच परत आले आणि गच्चीवर जाऊन मॅडमना फोन लावला. मी शेजारी होते, फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"त्याला सांगा, सोडायची नाही," मॅडम म्हणाल्या.

"काय?"

"भरतीची सोय होईपर्यंत जेवढी रोज घेतो तेवढी घेऊ दे. वाढवू नको म्हणावं, पण एकदम बंद करायची नाही. आणि हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा. तुम्ही सोडायला लावलं होतं ना, मग तुम्हीच सांगितलं तर तो ऐकेल."

अप्पांनी फोन खिशात ठेवला. गच्चीच्या कठड्याला धरून उभे राहिले. "मी दारू पी म्हणून सांगू? मी?" मला विचारत नव्हते, समोरच्या किल्ल्याला विचारत होते. मग म्हणाले, "चल."

टळटळीत दुपार होती. बसू दुकानापुढं टायरवर बसला होता, महादेवी त्याला भाकरी घेऊन आलेली. धाब्याच्या बाजेवर दोन ड्रायव्हर आडवे झाले होते. अप्पा त्याच्यासमोर गेले. आणि मी कधी पाहिलं नव्हतं ते केलं, दुसऱ्या टायरवर बसले.

"बसू, परवा सोडू नको."

बसूला कळलं नाही.

"रोज घेतो तेवढीच घे. वाढवायची न्हाय. पण मी सांगेपर्यंत बंद करू नको. आणि ती आण मी घातली होती, ती मी काढून घेतो. देवाला माझी चूक सांगतो मी. तुझ्या डोक्यावर काही न्हाय."

महादेवीच्या हातातला डबा खाली ठेवताना वाजला. "अप्पा, तुमी सांगताय पी म्हणून? पोरगी एवढी म्हणली आन् तुमी असं सांगता? गावात मी काय सांगू?"

"माझं नाव सांग," अप्पा म्हणाले. "म्हणावं, अप्पाला वेड लागलंय. पण एकटीनं सोडवायला जाऊ नको गं. परत तसंच पडेल. या वेळी जीपही मिळणार न्हाय कदाचित."

बाजेवरचे ड्रायव्हर उठून बसले होते. मग अप्पांनी बसूला विचारलं, "तिथं बांधलं तेव्हा काय झालं, ते सांग मला." आणि गप्प बसले. ट्रक जात होते, धूळ उडत होती. मला खात्री होती आता "पुढं?" येणार. आलं नाही. बराच वेळ गेला. मग बसू बोलायला लागला, आणि मधे मधे थांबत सगळं बोलला. शेवटी त्याला रडू आलं. महादेवीनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. एवढं तिनंही ऐकलेलं नव्हतं.

गावात बोभाटा झालाच. अप्पा दारू लिहून देतात अशी आवई उठली. देवळातल्या एका म्हाताऱ्यानं दवाखान्यात येऊन त्यांना सुनावलं. अप्पांनी त्याला खुर्चीवर बसवून सगळं ऐकून घेतलं, आणि "बरं" म्हणाले. पण त्या दिवसांत त्यांनी माझं डोकं खाल्लं. मॅडमचा फोन आला का, सोलापूरला खाट मिळाली का, बसूला कुणी बघून आलं का. दिवसातून चार वेळा मला हायवेवर पिटाळायचे, आणि मी गेले की पाठोपाठ स्वतः यायचे.

मॅडमनी सोलापुरातल्याच दुसऱ्या एका दवाखान्यात ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. अप्पांनी बसूला गच्चीवर आणून मॅडमशी बोलायला लावलं. मॅडमनी त्याला सांगितलं, बांधणार नाहीत, कुणीतरी आपलं माणूस जवळ राहू देतील. बसूनं पडद्याकडं न बघता विचारलं, "आपलं कोण ऱ्हाईल? ही कामाला जाती."

"मी राहतो," अप्पा म्हणाले.

दवाखाना माझ्यावर टाकून ते खरंच गेले. तिथल्या नर्सना त्यांनी किती छळलं ते मला नंतर कळलं. वॉर्डात फिरत राहायचे, सलाइनचे थेंब मोजायचे, शेजारच्या खाटांवरच्या लोकांना तपासायचे. एकीनं त्यांना शेवटी बाहेर काढलं, तर ते व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. बसूला घाम आला, हात कापले, एकदा तो घाबरून उठला, पण फिट आली नाही. मुंग्याही दिसल्या नाहीत. आठवड्याभरानं दोघं एसटीनं परत आले. बसूच्या हातात अप्पांची पिशवी होती.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. बसू काही महिन्यांनी घसरला. भाऊ वारला तेव्हा. दवाखाना भरलेला असताना आला आणि दारातूनच म्हणाला, "अप्पा, काल घेतली." आता कान धरतील म्हणून बाकावरची माणसं अप्पांच्या हाताकडं बघायला लागली. अप्पांनी त्याला आत घेतलं, विचारलं, "जेवला का?" आणि मग किती, कधी, एकट्यानं की कुणाबरोबर, सगळं हळूहळू. बसू गेल्यावर मला म्हणाले, "सांगायला आला बघ." जुन्या दिवसांत आला नसता.

त्यातूनच त्यांच्या डोक्यात ते दुसरं खूळ शिरलं. पूर्वी ज्यांना ज्यांना शपथ घातली त्यांना शोधायचं. रविवारी मला गाडीत घालून ते आसपासच्या गावांना निघायचे. नावं त्यांना आठवायची नाहीत, बायका आठवायच्या. "ती हिरव्या लुगड्यातली, पोर कडेवर होतं," असं चारचौघांत विचारायचे, आणि लोक घरं दाखवायचेही. काही जण सोडून सुखात होते, हसून चहा पाजायचे. काही जण आम्हाला बघून मागच्या दारानं निघून गेले. एकजण म्हणाला, मी तर दुसऱ्या दिवशीच मोडली होती अप्पा, आणि अप्पा म्हणाले, "बरं केलंस."

अणदूरच्या पुढं एका वस्तीवर आम्ही गेलो तेव्हा घरात एक म्हातारी बाई एकटी होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. अप्पांनी आपण का आलो ते सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"तुमच्याकडनं आल्यावर त्येंनी महिनाभर न्हाय शिवली," ती म्हणाली. "मग लागले. मग पाय सुजले, पोट आलं. म्हणलं चला अप्पाकडं. म्हणायचे, कुठल्या तोंडानं जाऊ. नळदुर्गाला बाजाराला गेलं तरी तुमच्या दवाखान्याचा रस्ता सोडून लांबनं जायचे."

तिनं आत जाऊन पाणी आणलं, त्यांनी ते उभ्यानं प्यायलं, तांब्या खाली ठेवला, तिच्या पाया पडले आणि बाहेर आले. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत गाडीचं दार उघडलं.

गोठ्याकडून एक माणूस आला. चाळिशीचा, डोळे तांबारलेले. तिचा मुलगा. आईला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात म्हणाला, "अप्पा, म्या बी घेतो. आलो तर चालंल का?"

"चालेल की," अप्पा म्हणाले. "सकाळी उठल्यावर हात कापतात का?"

त्यानं दोन्ही हात पुढं केले. कापत होते.

अप्पांनी खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात टाकला आणि बांधावरनं वरच्या रानाकडं चालायला लागले. "उद्या यायचं म्हणून एकदम बंद करून येऊ नको बरं का," ते सांगत होते. "आपण आधी मॅडमला विचारू. हळू चल. सांग मला, कधीपासनं घेतो?" मग ते थांबले, त्या माणसाकडं बघत उभे राहिले, आणि तो बोलायला लागेपर्यंत तसेच उभे होते.